शेजारी, मित्र आणि शहरातील आपले वयोवृद्ध

(वर्षावासानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या काळात आपल्या विहारांतून धम्मग्रंथाचे वाचन चालते. या वाचनाला नियमाने येणारी मंडळी पाहिली, तर त्यांत साठी उलटलेल्यांची संख्या मोठी असते. ते ग्रंथ ऐकायला येतात, तसेच एकमेकांना भेटायलाही येतात. शहरात त्यांना हक्काने जाऊन बसता येईल अशा जागा आता थोड्याच उरल्या आहेत. म्हणून या व्याख्यानमालेत आम्ही आपल्या वयोवृद्धांचा विषय घेतला आहे, आणि त्यातही त्यांच्या शेजाऱ्यांचा व मित्रांचा.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षे व त्यावरील वयाची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे. या विषयावर भाषणे होतात तेव्हा बहुधा दोनच गोष्टी बोलल्या जातात. मुले आईवडिलांना पाहत नाहीत ही एक, आणि सरकारने काहीतरी करावे ही दुसरी. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. परंतु कुटुंब आणि सरकार यांच्या मधोमध एक तिसरा आधार असतो. त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नसते, त्याला मानधन नसते आणि त्याचा अहवालही कोणी लिहीत नाही. तो आधार म्हणजे शेजारी आणि मित्र. हा आधार कशावर उभा असतो आणि तो कधी तुटतो, हे समजून घेण्याचा आपण प्रयत्न करू.

चाळीतला आधार

आपले आजोबा-पणजोबा कोकणातून आणि देशावरून मुंबईत आले. गिरण्या, गोदी, रेल्वे आणि महापालिका येथे त्यांनी कष्टाची कामे केली. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्या बी.डी.डी. चाळी. १६० चौरस फुटांची खोली, एका मजल्यावर वीस खोल्या, मधून जाणारा व्हरांडा आणि सामाईक संडास अशी त्यांची रचना. परमपूज्य बाबासाहेबांनीही परळच्या बी.आय.टी. चाळीत आपल्या आयुष्यातील बरीच वर्षे काढली, हे आपणास ठाऊकच आहे.

अशा चाळीत म्हाताऱ्या माणसाला आधार कसा मिळत असे? त्यासाठी कोणी सभा घेतली नव्हती. खोलीचे दार दिवसभर उघडे असे. आजोबा दारात बसलेले असत आणि येणारा-जाणारा दोन शब्द बोलून पुढे जात असे. सकाळी पाणी भरायच्या वेळी एखाद्या आजीची बादली दिसली नाही, तर पलीकडची बाई दारावर थाप मारून बघे. विडी, चहापत्ती, औषधाची पुडी आणायला कोणाचेही पोर पाठवता येई, आणि ते पोर कोणाचे हा प्रश्न नसे. कालवणाची वाटी या खोलीतून त्या खोलीत जाई आणि परत येताना ती रिकामी येत नसे. एका गावच्या एकट्या पुरुषांनी मिळून घेतलेली गावकीची खोली असे. त्यात कोणी आजारी पडला, तर त्याला गावी पोहोचवण्याची व्यवस्था खोलीतलीच माणसे करीत. मयत झाली तर वर्गणी निघे आणि निरोप धाडायला तरुण मुले धावत.

हे सांगताना आम्ही दारिद्र्याचे गोडवे गात नाही. त्याच खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे राहत. घरातली म्हातारी माणसे व्हरांड्यात झोपत. पाण्यावरून भांडणे होत. विधवेच्या वागण्यावर साऱ्या मजल्याची नजर असे. गुडघे गेलेल्या माणसाला रात्री सामाईक संडासापर्यंत जाणे म्हणजे शिक्षाच होती. तेव्हा पूर्वीचे दिवस परत यावेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की, चाळीतला शेजार दोन खांबांवर उभा होता. पहिला खांब म्हणजे जवळीक. इमारतीची बांधणीच अशी होती की, कोणी आजारी पडला आणि इतरांना कळले नाही, असे होणे शक्य नव्हते. दुसरा खांब म्हणजे देवाण-घेवाण. सगळ्यांची मिळकत जवळपास सारखी, सगळ्यांची गरज सारखी. आज मी तुझ्या उपयोगी पडलो, उद्या तू माझ्या उपयोगी पडशील, हा हिशेब न बोलता चालत असे.

खांब कसे हलले

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे एकामागून एक गिरण्या बंद होत गेल्या आणि हजारो घरांची चूल विझायला आली. कोणी गावी परतले, कोणी मिळेल ते काम धरले. जागांचे भाव वाढले तसे पुढच्या पिढीने कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, नालासोपारा, विरार गाठले. दुसऱ्या बाजूला शिकलेली मुले बँकांत, सरकारी कार्यालयांत, खासगी कंपन्यांत गेली. काही परदेशी गेली. ही आपली प्रगती आहे आणि तिचा आपल्याला अभिमान आहे. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले ते यासाठीच. मात्र या प्रगतीत म्हातारी माणसे दोन ठिकाणी एकटी पडली. काही जुन्या खोलीत मागे राहिली आणि त्यांच्या मजल्यावरची ओळखीची दारे एकेक करून बंद झाली. काही मुलाबरोबर उपनगरातल्या नव्या इमारतीत गेली, जिथे त्यांना कोणीच ओळखत नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या एकटेपणात आपल्या समाजाच्या वाट्याला एक जास्तीचे दुःख येते. ते उघड बोलले जात नाही, पण बोलले पाहिजे. नव्या सोसायटीत पहिल्या आठवड्यात आडनाव विचारले जाते. नंतर काहींचे बोलणे कमी होते. घरातली तरुण माणसे दिवसभर कामावर असतात, त्यांना ते फारसे जाणवत नाही. ज्या आजीला दिवसभर त्याच जिन्यात आणि त्याच बाकावर वावरायचे आहे, तिला ते लगेच कळते. जन्मभर मोठ्याने जयभीम घातलेल्या माणसाला लिफ्टमध्ये तो हळू आवाजात घालावासा वाटू लागतो. अशा ठिकाणी चांगले शेजारीही भेटतात, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु तिथे शेजार आपोआप उभा राहत नाही. त्यासाठी धीर लागतो, आणि आपली माणसे अधूनमधून भेटावी लागतात.

आता बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास होत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरातच संडास-बाथरूम, वर जायला लिफ्ट. म्हाताऱ्या गुडघ्यांना याची किंमत विचारा. या घरांचे आपण मनापासून स्वागत केले पाहिजे. त्याच वेळी हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, या घराचे दार बंद असते. पाण्याची रांग नाही, व्हरांडा नाही, त्यामुळे सकाळी कोण दिसले आणि कोण नाही हे आता आपोआप कळणार नाही. पहिला खांब इमारतीने दिला होता आणि तो इमारतीबरोबरच गेला. त्याच्या जागी दुसरा आपल्यालाच उभा करावा लागेल.

देवाण-घेवाण संपते तेव्हा

दुसऱ्या खांबाविषयी बोलताना आपल्याला धम्माकडे वळावे लागेल. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह विहारातून फिरत असताना त्यांनी त्याला पाहिले. तुझी सेवा करायला कोणी नाही का, असे त्यांनी विचारले. नाही, असे तो म्हणाला. का नाही, असे विचारल्यावर त्याने सांगितले की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करीत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला आंघोळ घातली आणि उचलून बिछान्यावर ठेवले. मग सर्व भिक्खूंना एकत्र बोलावून त्यांनी समजावले की, येथे तुमची काळजी घ्यायला तुमचे आईवडील नाहीत, तेव्हा तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असेही त्यांनी बजावले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात भगवंतांच्या आजाऱ्यांविषयीच्या कळवळ्याला स्वतंत्र स्थान दिले आहे.

त्या भिक्खूचे उत्तर नीट लक्षात घ्या. मी कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून माझ्याकडे कोणी येत नाही. आज शहरातला कितीतरी म्हाताऱ्यांचा अनुभव नेमका हाच आहे. हात-पाय चालत होते तोवर शेजारची मुले सांभाळली, लग्नाच्या पंगती वाढल्या, अर्ज लिहून दिले. पुढे डोळे गेले, कंबर वाकली, वाटी परत करण्याची ताकद राहिली नाही. हिशेब थांबला आणि हळूहळू येणे-जाणेही थांबले. यात कोणी फार दुष्ट असते असे नाही. देवाण-घेवाणीवर चालणाऱ्या शेजाराची मर्यादाच ती आहे. म्हातारपण लांबते तेव्हा देणे संपते आणि घेणे उरते. हिशेब जिथे संपतो तिथून पुढे संघाचा नियम सुरू झाला पाहिजे, असे भगवंतांनी त्या प्रसंगातून दाखवून दिले. तो विहार म्हणजे घर सोडून आलेल्या माणसांचाच शेजार होता. गाव सोडून मुंबईत आलेल्या आपल्या लोकांना हा नियम परका वाटण्याचे कारण नाही.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी सहा दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व दिशा आईवडिलांची, तर उत्तर दिशा मित्रांची. म्हणजे आईवडिलांप्रमाणेच मित्रांविषयीचेही कर्तव्य त्यांनी गृहस्थाला घालून दिले. उपकार करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचे सांगणारा आणि अनुकंपा बाळगणारा असे खऱ्या मित्राचे चार प्रकार त्यांनी सांगितले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. ही बंधुता जिन्यात आणि लिफ्टमध्ये दिसली नाही, तर ती केवळ घोषणा होऊन राहील.

कोणी काय करावे

केवळ भावनेने काम भागत नाही. कोणते काम कोणाला झेपते हेही पाहावे लागते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ युजीन लिटवाक यांनी यावर विचार केला आहे. त्याचे सार असे की, शेजाऱ्याचे बळ जवळ असण्यात आहे, नातेवाइकाचे बळ नाते कायमचे असण्यात आहे, आणि मित्राचे बळ समान वय व समान अनुभव यांत आहे. आपल्या वस्तीत हे पडताळून पाहा. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर विरारचा मुलगा पोहोचू शकत नाही, समोरच्या दारातला माणूस पोहोचतो. परंतु अर्धांगवायू झालेल्या माणसाची वर्षानुवर्षे सेवा शेजाऱ्याने करावी, ही अपेक्षा चालणार नाही. ते काम कुटुंबाचे आहे. जोडीदार गेल्यानंतर मन मोकळे करायला मुलापेक्षा गिरणीतला जुना सोबती जवळचा वाटतो, कारण त्याने तेच सारे पाहिलेले असते. तेव्हा शेजाऱ्यावर मुलाचे ओझे टाकू नये, आणि शेजारी आहेत म्हणून मुलांनी आपली जबाबदारी झटकू नये.

महावग्गात आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, सेवा लोभाने न करता मैत्रीने करावी, मलमूत्राची किळस बाळगू नये, आणि अधूनमधून धम्मचर्चेने आजाऱ्याला उभारी द्यावी. आजाऱ्याचेही पाच गुण सांगितले आहेत. त्याने हिताचे असेल ते करावे, प्रमाण सांभाळावे, औषध घ्यावे, आजार वाढला की कमी झाला हे खरे सांगावे आणि वेदना सोसण्याचा प्रयत्न करावा. येथे बसलेल्या आजी-आजोबांना आमची नम्र विनंती आहे की, ही दुसरी यादी मनावर घ्या. उगाच कोणाला त्रास कशाला, म्हणून तीन दिवस ताप लपवू नका. मदत घेणे यात कमीपणा नाही. आणि आपल्याकडे देण्यासारखे काही उरले नाही असे मानू नका. नामांतराच्या लढ्यात तुम्ही काय पाहिले, चाळीत पहिली धम्मदीक्षा कोणी घेतली, हे आजच्या मुलांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?

आणखी दोन गोष्टी स्पष्ट बोलणे भाग आहे. शेजार म्हटले की डबा करणे, अंग पुसणे, दवाखान्यात बसून राहणे ही कामे बहुधा बायकांच्या वाट्याला येतात. स्वतःच्या घरचे काम आणि नोकरी सांभाळून त्या हे करतात. पुरुषांनी केवळ मयतीच्या वेळी पुढे यावे हे बरोबर नाही. डबा पोहोचवणे, बँकेत नेणे, रात्री सोबत करणे ही कामे तरुण मुलांनी आणि निवृत्त पुरुषांनी घेतली पाहिजेत. दुसरी गोष्ट पैशांची. म्हाताऱ्या माणसाचे एटीएम कार्ड, पासबुक, घराची कागदपत्रे एकट्या शेजाऱ्याने आपल्याजवळ ठेवू नयेत. पैसे काढायला जाताना दोघांनी जावे आणि वहीत नोंद ठेवावी. हेतू कितीही चांगला असला तरी नोंद नसेल तर संशय येतो, आणि संशयाने शेजार तुटतो.

सरकारी मदत आणि शेजारी

आपल्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य व आजारपणात सार्वजनिक साहाय्य देण्याचे तत्त्व आहे. योजनाही आहेत. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षे व त्यावरील निराधारांना मिळणारे निवृत्तिवेतन २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांसाठी आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही दूरध्वनी सेवा आहे. परंतु योजना कागदावर असते आणि म्हातारा माणूस तिसऱ्या मजल्यावर असतो. अंगठ्याच्या रेषा झिजल्यामुळे यंत्र त्याचा ठसा घेत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाइलवर आलेला आकडा त्याला वाचता येत नाही. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे शेजारी.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. विद्यार्थ्यांनी त्याचे पाचवे कलम अवश्य वाचावे. ज्येष्ठ व्यक्तीला स्वतः अर्ज करणे शक्य नसेल, तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तिच्या वतीने न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. म्हणजे शेजाऱ्याला आणि आपल्यासारख्या संस्थेला कायद्याने जागा दिलेली आहे. तेविसावे कलमही महत्त्वाचे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. ती अट कागदात लिहून घेण्याचा सल्ला आपण वेळीच दिला पाहिजे.

आमच्या सूचना

संस्थेपुढे आम्ही पुढील सूचना ठेवतो.

१. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एकट्या राहणाऱ्या किंवा दिवसभर एकट्या असणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी. त्यात रक्तगट, चालू औषधे, डॉक्टर आणि दोन नातेवाइकांचे फोन नंबर असावेत. संबंधिताच्या संमतीशिवाय ही यादी कोणालाही दाखवू नये.

२. प्रत्येक ज्येष्ठामागे दोन शेजारी नेमावेत. एक समोरच्या दारातला, दुसरा त्याच इमारतीतला. तो कोणत्या जातीधर्माचा आहे हे पाहू नये. रोज सकाळी दाराशी जाऊन एक हाक घालावी.

३. जे उपनगरांत गेले, त्यांच्यासाठी महिन्यातून एका रविवारी जुन्या सोबत्यांचा मेळावा विहारात घ्यावा. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी दोघातिघांनी जाऊन वंदना घ्यावी.

४. पुनर्विकासात घरे बदलताना पूर्वीचे शेजारी शक्यतो एका मजल्यावर राहावेत, अशी मागणी रहिवासी संघटनांनी सुरुवातीलाच करावी. संक्रमण काळात कोण कुठे गेले याची वही ठेवावी.

५. मंडळाच्या मयत फंडाबरोबर आजारपणाचा फंड सुरू करावा. माणूस गेल्यावर आपण खर्च करतो, तो जिवंत असताना रिक्षाभाडे आणि औषध यांसाठीही करावा.

विद्यार्थी मित्रांनो, यांपैकी दुसऱ्या सूचनेला पैसा लागत नाही. सकाळी महाविद्यालयात जाताना एका दाराशी थांबायला दोन मिनिटे लागतात. ज्यांनी स्वतः अंगठा उठवून तुमच्या आईवडिलांच्या हाती पुस्तक दिले, त्या पिढीतील काही माणसे अजून आपल्यात आहेत. ती आता कोणाच्या फारशी उपयोगी पडू शकत नाहीत. त्यांच्याशी आपण कसे वागतो, यावरून आपण धम्म किती समजलो याची परीक्षा होणार आहे.

अध्यक्ष महोदय, या सूचनांचा संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा आणि येत्या बुद्ध पौर्णिमेपर्यंत निदान एका इमारतीत तरी यादी तयार व्हावी, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!